कचऱ्यात गेलेल्या रेघा
नेलपॉलिशचा वास आला की अजूनही माझं डोकं तापतं. तंजावूरच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही काचपट्टीच्या कडा नेलपॉलिशनं बंद करायचो. आत पेशींचा ताणून पसरलेला डीएनए असायचा, आणि त्याची नक्कल जिथवर झाली तिथवर हिरवी रेघ चमकायची. भर उन्हाळ्यात घाम पुसत मी अशा शेकडो रेघा हातानं मोजल्या. औषध दिलेल्या पेशींत त्या आखूड होत्या, म्हणजे औषध नक्कल अडवत होतं. मग माझ्या गाईड मॅडमनी मोजणी कॉम्प्युटरवर टाकली आणि फरकच नाहीसा झाला. मी सेटिंग उघडून बघितलं. औषध न दिलेल्या पेशींचे फोटो बघून त्यांनी ठरवून टाकलं होतं की अमुक लांबीपेक्षा छोटी रेघ म्हणजे धूळ. नेमक्या अडलेल्या रेघाच कचऱ्यात जात होत्या! मॅडम राजवाड्याजवळच्या मराठी घरातल्या, माझ्याशी घरच्यासारखंच बोलायच्या. "तुला जे पाहिजे तेच तुझ्या डोळ्यांना दिसतंय. मशीनला काही पाहिजे नसतं." "पण मॅडम, धूळ कशाला म्हणायचं हे मशीनला तुम्हीच सांगितलंत ना?" "अय्यो, परिषदेचं पोस्टर छापून आलंय रे. सोड आता." 'औषधाचा परिणाम नाही' असं ठणकावून सांगणारं ते पोस्टर मी दातओठ खात स्वतःच्या हातांनी भिंतीवर चिकटवलं. आज माझी विद्यार्थिनी हातानं मोजलेल्या रेघांची वही घेऊन आली, बोटांना तोच वास. मान वर न करता मी विचारलं, "मशीन काय म्हणतंय?" आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.