मधल्या भिंतीचा रंग

दर्यापूरच्या देवानंद पेंटरला मोठ्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नाही. सव्वीस वर्षं तो लोकांची घरं रंगवतोय. गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी हा आपला मुकाट्यानं भिंत घासत राहायचा. म्हणून मागच्या एप्रिलात त्यानं एका माणसाचा डोळा फोडला असं कळलं, तेव्हा आमच्या गल्लीत कोणाचा विश्वास बसेना.

जवळच्याच एका खेड्यातल्या किसनरावांनी त्याला कामाला बोलावलं होतं. मुलीचं, प्रणालीचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा आठ दिवसांवर आलेला. किसनराव आणि धाकटा भाऊ नितेश वर्षापूर्वी वेगळे झाले होते आणि अंगणात मधोमध भिंत उभी राहिली होती. आपली बाजू रंगवून झाल्यावर किसनराव म्हणाले, "आता तिकडून बी मार. रस्त्यावरून तिकडचीच बाजू दिसते."

"भावाले इचारलं काय?"

"भिंत म्या बांधली. त्याले काय इचारतं?"

देवानंदनं नितेशच्या अंगणात शिडी लावली. दुपारी नितेश वावरातून आला. "कोनं सांगतलं तुले?" एवढंच म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता त्यानं शिडीला लाथ घातली. देवानंद दहा फुटांवरून फरशीवर आपटला. गुडघ्यात काहीतरी कडकन मोडलं. तो उठायच्या आत नितेशनं फावडं उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं, मग मांडीवर, मग पुन्हा पाठीत.

किसनराव काठी घेऊन धावत आले. त्यांनी भावाचं डोकं फोडलं. नितेशनं फिरून फावडं हाणलं, तसे किसनराव कान धरून खाली बसले. बोटांतून रक्त गळत होतं. नितेश पुन्हा देवानंदकडे वळला.

"तुले तं जित्ता सोडत नाई!"

फावडं वर गेलं. देवानंदच्या हाताला पुट्टी लावायची पत्र्याची पट्टी लागली. डोळे मिटून त्यानं ती वर खुपसली.

नंतर त्यानं मला सांगितलं, "थो वरडला, अन् मले बरं वाटलं, भाऊ. घडीभर लई बरं वाटलं. थेच मले झोपू देत नाई."

दोघे भाऊ अमरावतीच्या दवाखान्यात एकाच वॉर्डात होते. नातेवाईक जमले. तिसऱ्या दिवशी भाऊ एकमेकांशी बोलू लागले आणि दोघांनी सारखंच बयान दिलं: पेंटर दारू पिऊन आला, त्यानंच दोघांना मारलं. देवानंदला प्लास्टर घातलेल्या पायानिशी अटक झाली.

भांडण झालं तेव्हा दोघांची आई, मनकर्णाबाई, नितेशच्या ओसरीवर गहू निवडत बसली होती. पंचाहत्तरीची ही बाई प्रणालीला सोबत घेऊन एसटीनं पोलीस ठाण्यात गेली.

"पह्यले माह्या पोरानं मारलं. थो पेंटर खाली पडेल व्हता," ती म्हणाली.

ठाणेदारांनी पेन खाली ठेवला. "आजी, असं लिहिलं तर घरात कोण घेईल तुम्हाला?"

"तुमी लिवा."

घरात कोणी घेतलं नाही. ती आता बाळापूरला लेकीकडे असते. प्रणालीचं साक्षगंध अकोल्याला मामाकडे उरकलं. देवानंद जामिनावर सुटला. गुडघा वाकत नाही, म्हणून शिडीवर आता त्याची बायको ज्योत्स्ना चढते. तो खालून हात पोचेल तेवढं रंगवतो.

डिसेंबरच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात नितेश येऊन देवानंदच्याच बाकावर बसला. त्याचा डावा डोळा कायमचा मिटलेला. देवानंदनं विचारलं, "दुखते काय?"

"थंडीत दुखते," नितेश म्हणाला. मग त्याच्या नावाचा पुकारा झाला आणि तो उठून आत गेला. बयान मात्र त्यानं मागं घेतलं नाही.