प्रभूच्या मेजावर बाजरी

आमच्या आईला पोळी येत नव्हती. हे घरातलं गुपित महिन्याच्या पहिल्या रविवारी साऱ्या मंडळीच्या तोंडात जायचं. कारण दहिवडीच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकेक तुकडा खायची, भाकर करून न्यायचं काम आईकडे होतं, आणि भाकर म्हटलं तरी तिथे गव्हाची पोळीच चालायची.

आईचं एकच म्हणणं, चांगलं ते आधी देवाला. नवी साडी आधी चर्चला, परड्यातली पहिली काकडी पाळकसाहेबांना. आम्ही भावंडं घरात कितीही भांडलो तरी चर्चमध्ये गोड आवाजात गायचं. आमच्या माण तालुक्यात तेव्हा गहू म्हणजे पाहुण्यारावळ्यांचं धान्य. म्हणून मामा सांगलीकडून एसटीच्या टपावर खास खपली गव्हाचं पोतं पाठवायचा. आई तो गहू निवडायची, दळून आणायची, प्रार्थना करत कणीक मळायची, आणि लाटायला बसली की सगळा भक्तिभाव वातड व्हायचा.

तुकडा तोंडात गेला की मंडळी डोळे मिटून बराच वेळ गप्प असायची. नव्याने आलेले पाळकसाहेब या मनन-चिंतनावर फार खूश होते. मंडळी चावत होती, एवढंच. उरलेलं टाकायचं नाही, म्हणून ते घरी आणून आम्ही संपवायचो.

बाजरीची भाकरी मात्र तिनेच करावी. थापलेली तव्यावर पडली की टम्म फुगायची, आणि पापुद्रा असा सुटायचा की खाली कालवण काय आहे हे कुणी विचारत नसे. वडील शिंपीकाम करायचे. भाकरीचा वास आला की अर्धी बाही मशीनवर सोडून ते उठायचे.

एका शनिवारी, दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन असताना, जेवता जेवता ते म्हणाले, "चांगलं ते देवाला म्हंतीस न्हवं? मग त्याला ती पोळी, आन ही असली भाकरी आमाला? ह्ये उलटंच झालं की गं."

आम्ही खो खो हसलो. आई हसली नाही. तिचा पिठाचा हात काठवटीतच थांबला.

"आवं, देवाच्या मेजावर बाजरी? मंडळी म्हनंल, गहू घरात ठिवला आन देवाला रोजचंच वाढलं. काम काढून घेतील माज्याकडनं."

त्या कामावर तिचा जीव होता. तिला वाचता येत नव्हतं, गाताना सूर लागत नव्हता. देवासाठी तिच्या हातचं असं एवढंच होतं.

सकाळी मला जाग आली ती भाकरी थापल्याच्या आवाजाने. आईने गरम भाकरी पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि परीक्षेला निघाल्यासारखी चर्चला निघाली.

पाळकसाहेबांनी मेजावरचं फडकं उघडलं आणि ते थांबले. आईने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. साहेब साताऱ्याचे, शिकलेले, शिस्तीचे. त्यांनी भाकरी उचलली, मोडली. पापुद्रा मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला. मग तुकडे फिरले. मंडळीने डोळे मिटले, पण लगेच उघडले, आणि 'आमेन' एवढ्या जोरात झालं की मला हसू आवरेना.

उपासना संपल्यावर साहेब ताट घेऊन आईकडे आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "चुकलं साहेब. फुडच्या बारीला पोळीच आनते."

"नको, नको!" ते इतक्या घाईने म्हणाले की स्वतःच ओशाळले. मग हळूच म्हणाले, "बाई, हीच आणत जा."

ताटात चुरासुद्धा उरला नव्हता. आई घरापर्यंत पदराने डोळे पुसत आली. मलाही रडू आलं, आणि आईचा असा अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

घरी आल्यावर तिची नजर कोपऱ्यातल्या खपलीच्या पोत्याकडे गेली.

"मामाचा गहू वाया न्हाई घालवायचा," ती म्हणाली. "पोतं सरंस्तवर घरात आता पोळ्याच."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री आम्ही सगळे डोळे मिटून, गप्प बसून जेवलो.