दाढ आत्यांची, एक्सरे माझा

शुद्धलेखनाच्या चुकांची माफी आधीच मागते. चौथीनंतर शाळा सुटली. अक्षर म्हणाल तर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, पण चुकून हाती पडलाच आणि अक्षर लागलं नाही, तर तुमच्या डोळ्यांना दोष देऊ नका.

माझी डावीकडची खालची दाढ सासूबाईंच्या दुखण्यात गेली.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांची दाढ दिवाळीपासून ठणकत होती. लवंग झाली, मिश्री झाली, तंबाखूची चिमूट दाबून झाली. एरवी त्यांनी आणखी वर्षभर काढलं असतं, पण गावची जत्रा आठवड्यावर आली होती. जत्रेच्या जेवणात आत्या आपल्या भावांसमोर मटणाची नळी दाढेखाली फोडतात. भाऊ दोन डोंगर ओलांडून येतात ते देवासाठी की हे बघायला, देवच जाणे. ठणका थांबला नाही तर यंदा नळी फुटणार नव्हती, आणि इज्जत जाणार होती. म्हणून मी बचत गटातून आत्यांच्या दाढेसाठी म्हणून कर्ज उचललं.

आमचे हे तेव्हा हिंजवडीला कंपनीची गाडी चालवायचे. त्यांनी आम्हाला सकाळी भूगावला नव्या दातांच्या दवाखान्यासमोर उतरवलं आणि ते ड्यूटीवर गेले. आत्यांनी गालावर पदर दाबून धरलेला, म्हणून काउंटरवरच्या मुलीने मलाच विचारलं, “नाव सांगा.” मी माझं नाव सांगितलं. (दुखतंय कुणाला असं विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं. मी विचारलं तेवढंच सांगते.) नवीन पेशंटचा आधी एक्सरे काढावाच लागतो, असं म्हणून तिने पैसे घेतले आणि आम्हाला आत पाठवलं.

आत एक खुर्ची होती. बसल्यावर आपोआप मागे जाऊन पलंग होणारी. आत्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग तरण्या डॉक्टरकडे पाहिलं.

“परक्या बाप्याम्होरं मी आडवी पडू व्हय? आदी तू पडून दाव. कसं करत्यात ते बघती मी.”

आत्यांना नाही म्हणायची मला सवय नाही. मी आडवी पडले. कुठली दाढ, असं डॉक्टरने विचारलं तेव्हा आत्याच म्हणाल्या, “डावीकडली, खालची.” डॉक्टरने अंगावर गोधडीपेक्षा जड काहीतरी घातलं, तोंडात विड्याएवढी फिल्म सरकवली आणि ती बोटाने धरायला सांगितली. मी खरं सांगणारच होते, पण स्वतःचं बोट स्वतःच्या तोंडात असताना शहाणी माणसंही बोलत नाहीत. टुक् असा आवाज झाला, की झालं.

“एवढंच व्हय? मग मला चालतंय,” आत्या स्टुलावरून म्हणाल्या.

थोड्या वेळाने डॉक्टरने फोटो उजेडाला धरला. दाढ आतून पार किडली होती. माझी! मला पत्ताच नव्हता. त्याने मला विचारलं, कधीपासून दुखते? आता आमच्याकडची पद्धत अशी की परक्याने सुनेला काही विचारलं तर उत्तर सासू देते. डॉक्टरला त्याचं नवल वाटलं नाही, त्याच्याकडे आमच्या बाजूचीच माणसं येत असणार. आणि आत्यांना वाटलं, दुखणं आपलं आहे तर विचारतोय तेही आपल्याबद्दलच.

“दिवाळीपास्नं,” आत्या म्हणाल्या.

“थंड पाणी लागतं?”

“थंड लागतं, गरम लागतं. कुणी बोललेलं सुदिक लागतं.”

डॉक्टरने माझ्या दाढेवर टकटक केलं. मी नकाराची मान हलवली. आत्या म्हणाल्या, “लई ठणकती वो.” डॉक्टर मला म्हणाला, “ताई, घाबरून नाही म्हणू नका. फोटोत दिसतंय.” आत्यांची साक्ष आणि माझा फोटो इतका जुळला, की माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. दुखत असेल बाई, असं म्हणून मी जीभ लावून बघितली.

काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणाला. आत्यांनी जत्रा जवळ आल्याचं सांगून लगेच परवानगी दिली. सुई दिसली तेव्हा मात्र मी सगळा धीर एकवटून “आत्या” म्हणाले. त्यांनी तोपर्यंत पदर तोंडावर ओढून देवाचा धावा सुरू केला होता. आतूनच म्हणाल्या, “गप ऱ्हा. डॉक्टरला काम करू दे.”

त्यांनी पदर काढला तेव्हा दाढ ताटलीत होती.

“झाली?”

“झाली,” डॉक्टर म्हणाला.

“हाताला गुण हाय तुमच्या. मला तर काय बी कळलं न्हाई.” एवढं बोलून त्यांनी आपला गाल दाबला आणि कळवळून खालीच बसल्या.

डॉक्टरने आत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. मग विचारलं, “दुखत नक्की कुणाला होतं?”

“मला.”

“मग ताई, तुम्ही बोलला का नाहीत?”

“ती बोलत न्हाई,” हेही आत्यांनीच सांगितलं.

माणूस भला होता. माझी दाढ आज ना उद्या काढावीच लागली असती म्हणाला, आणि उरलेले पैसे मागाहून द्या, आजींना आत्ताच बसवा, असंही म्हणाला. पण आजी नवीन पेशंट, म्हणजे आधी एक्सरे.

“आत्ताच काढलाय की तुमी,” आत्या म्हणाल्या.

“तो सुनेचा आहे, आजी.”

“मग? येकाच घरातलं हाये.”

शेवटी लुगडं नीट खोचून, माझा हात पिरगाळून धरत आत्या आडव्या पडल्या, आणि दुसरा एक्सरे, दुसरी दाढ, सगळं पार पडलं. संध्याकाळी हे न्यायला आले. दोघींचे गाल फुगलेले, दोघींच्या तोंडात कापूस. कुणाची काढली, असं यांनी विचारलं. आम्ही एकमेकींकडे बोट दाखवलं.

जत्रेत आत्यांनी उजव्या बाजूने नळी फोडली. भाऊ खूश होऊन गेले. मी वरणभात खाल्ला.

बचत गटात मात्र माझं नाव झालं. अध्यक्षबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सासूच्या नावानं कर्ज काढून आपली दाढ उपटून घेतली. आमी हिला गरीब समजत व्हतो.” गावाने मला हुशार म्हटल्याची ही पहिलीच वेळ, म्हणून मी काही बोलले नाही. उन्हाळाभर चांदणी चौकात करवंदं विकली, डॉक्टरचे राहिलेले दिले, मग गटाचे हप्ते भरले. काल शेवटचा भरला. दोन दाढांचं कर्ज मी एकटीने फेडलं, तेही एक दाढ कमी असताना.