गोपीनाथरावांची खोटी गल्ली

गोपीनाथ शेवडे यांचा कुणावरही विश्वास नाही, आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला विश्वासात घेऊन सांगतात.

त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झाली. खोक्यावर लिहिलेलं असतं ते आत नसतं, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांनी तिथून घरी आणलं. एकदा 'पुस्तकं' म्हणून बुक झालेल्या खोक्यातून तूप गळायला लागलं होतं. तेव्हापासून पुस्तक दिसलं की ते आधी वास घेतात. दूधवाला वेळेवर आला तर आज याला घाई कसली, अशी त्यांना शंका येते. उशिरा आला तर शंका नसते, खात्रीच असते. त्यांच्या बायकोने, शरदिनीकाकूंनी, चहात साखर घातली आहे असं सांगितलं, तरी ते ढवळून कपाचा तळ बघतात. आम्ही काशीतली मराठी मंडळी आता थोडीच उरलोय, म्हणून त्यांना सांभाळून घेतो. तेही आमच्यावर नजर ठेवून आम्हाला सांभाळतात.

अशा माणसाच्या वाटेत, भोसले घाटाच्या वरच्या अंगाला, सुरुचीने पुस्तकांचं दुकान उघडलं. सुरुची इथल्याच एका मराठी प्राध्यापकांची मुलगी. दुकानाचं नाव 'चबूतरा', म्हणजे आपला कट्टा. तिथे कुणीही यावं, बसावं, वाचावं, काही न घेता उठून जावं. जाणाऱ्याकडे बघून ती हसते.

"हसते कशाला?" गोपीनाथरावांनी मला विचारलं. "गिऱ्हाईक रिकाम्या हाताने चाललंय आणि ही हसते. म्हणजे हिची कमाई दुसरीकडे आहे."

दर शनिवारी संध्याकाळी दुकानात काहीतरी असायचं. कधी ठुमरी, कधी पुस्तकावर वाद, आणि कायम मातीच्या कुल्हडातला फुकट चहा. या हिवाळ्यात तिने 'आपली गल्ली' नावाचा प्रकार काढला. बनारसच्या एकेका मोहल्ल्यातून एकाने यायचं आणि आपल्या गल्लीबद्दल घरच्या भाषेत बोलायचं. कोण राहायचं, कोण गेलं, कुठल्या दाराशी काय घडलं. बंगाली झालं, नेपाळी झालं, तमिळ झालं. अधूनमधून सुरुची हिंदीत सांगायची, म्हणजे सगळ्यांना कळावं.

गोपीनाथरावांना लगेच कळलं. त्या सुमारास हॉटेलवाले घाटाजवळची घरं घेत सुटले होते आणि दलाल गल्लीगल्लीतून फिरत होते.

"कोण राहतं, कोण गेलं, कुठल्या दाराला कुलूप," ते बोटांवर मोजत म्हणाले. "हे साहित्य आहे? हा सर्व्हे आहे. म्हाताऱ्यांना चहा पाजून नकाशा काढून घेतायत."

मग मराठीची पाळी आली आणि सुरुची शरदिनीकाकूंना बोलावायला घरी आली.

"काकू, तुम्हीच बोलायचं. दहा मिनिटं बस."

"मी? अगं, मला कुठे भाषण येतं?"

"भाषण नको ना. जसं आत्ता बोलताय, तसंच."

"किती लोक असतात?" गोपीनाथराव आतल्या खोलीतून म्हणाले. "आणि त्यातले हॉटेलवाले किती?"

काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या हो म्हणाल्या. त्यांचं मराठी उंबऱ्याच्या आत राहिलेलं. बाजारात हिंदी, शेजारी हिंदी, नातवंडांना काही विचारलं तर उत्तर येतं, "हाँ आजी". घराबाहेरच्या कुणी त्यांना कधी म्हटलं नव्हतं, की तुमच्या भाषेत सांगा, आम्ही ऐकतो. त्यांनी सगळा आठवडा कणकेच्या परातीपुढे सराव केला. परात चांगली श्रोती निघाली.

"वरच्या दोन खोल्यांचं बोलायचं नाही," गोपीनाथरावांनी बजावलं. त्या खोल्या नागपूरच्या धाकट्या भावाच्या, आणि कुलूपबंद. "दलालाला बंद खोली म्हणजे मुंगीला गूळ."

स्वतः ते आधीच दोन शनिवार तिथे पाळतीवर जाऊन आले होते. तमिळ बाई बोलायला उठल्या, तेव्हा त्यांनी पुढे वाकून कानात सांगितलं होतं, "कमरे कितने हैं, मत बताइए." बाईंना वाटलं, हे शुभेच्छा देतायत. त्यांनी नमस्कार केला. शेवटच्या रांगेत एक चष्मेवाला दोन्ही वेळा मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत होता. मुख्य दलाल तोच, हे ठरून गेलं.

मराठीच्या शनिवारी दुकान भरलं होतं. काकू ठेवणीतली साडी नेसून माइकसमोर बसल्या. "आमची गल्ली," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. माइकमधून स्वतःचाच आवाज परत आला, त्याला त्या दचकल्या. "आमची गल्ली," पुन्हा म्हणाल्या. पुढे काही येईना.

"काकू, आरामात," सुरुची म्हणाली.

काकूंनी पदराची चुणी केली, सोडली, परत केली. लोक फार प्रेमाने वाट बघत होते, आणि त्याचाच त्यांना भार होत होता. "नको गं, मला नाही जमायचं," असं पुटपुटत त्या उठायला लागल्या.

तेवढ्यात गोपीनाथराव उठले. बायकोला वाचवायला उठले, की दलालाचा बेत उधळायची संधी दिसली म्हणून, हे मी त्यांना नंतर विचारलं. उत्तर देण्याआधी त्यांनी मला विचारलं, की तुला कुणी विचारायला सांगितलंय.

"बस तू. मी सांगतो," ते म्हणाले आणि माइक ओढून घेतला. काकू तशाच खुर्चीच्या काठावर टेकल्या.

"आमच्या गल्लीत पाणी येत नाही," त्यांनी सुरुवात केली. "आलं तर जात नाही. पहिल्या घरात भूत आहे. दुसऱ्या घराचा खटला चालू आहे. तिसऱ्याच्या खटल्यात त्या भुताची साक्ष काढलेली आहे. गल्लीच्या तोंडाशी सांड बसतो, तो फक्त बाहेर जाणाऱ्यांना वाट देतो. माकडं गीझर उघडून आंघोळ करतात. परदेशी माणूस आमच्याकडे एक रात्र टिकायचा नाही."

सुरुची हसू दाबत हिंदीत सांगत होती. लोक खुर्च्यांवर डुलत होते. चष्मेवाल्याने मोबाइल आणखी वर धरला, तसा गोपीनाथरावांना चेव आला.

"आणि चौथं घर तर मुळातच अपशकुनी. तिथे आजवर कुणी राहिलेलंच नाही."

"असं कसं?" काकू म्हणाल्या. "विद्युल्लताताई नाही का राहायच्या?"

"त्या होत्या थोडे दिवस."

"थोडे दिवस काय? मी लग्न होऊन आले तेव्हापासून होत्या. तुम्हाला काय ठाऊक, तुम्ही पार्सलात." काकूंनी माइक स्वतःकडे वळवला. नवऱ्याची चूक काढताना त्यांचा आवाज कधीच अडलेला नाही, त्या दिवशीही अडला नाही. "आणि भूतबीत काही नाही. पाणी सकाळ-संध्याकाळ येतं. हे उगाच सांगतायत."

मग त्या बोलत राहिल्या. त्या नव्या नवरी होत्या, हिंदीचं अक्षर येत नव्हतं. विद्युल्लताताईंची खिडकी समोरच, गल्ली इतकी अरुंद की या खिडकीतून त्या खिडकीत आमटीची वाटी जायची. घोसाळ्याला इथे नेनुआ म्हणतात, हे ताईंनी खिडकीतून शिकवलं. भाजीवाल्याशी भांडायचं कसं, तेही. सकाळी ताई शिकवायच्या, दुपारी काकू भाजीवाल्यावर वापरून बघायच्या, संध्याकाळी खिडकीतून निकाल सांगायच्या.

"पुढे त्या मुलाकडे गेल्या. जाताना खिडकी ओढून घेतली," काकू म्हणाल्या. "अजून बंद आहे. पोळ्या करताना माझं तोंड तिकडेच असतं. आमच्याकडेही वर दोन खोल्या बंद आहेत, धाकट्या दिरांच्या. निम्म्या गल्लीचं असंच आहे. संध्याकाळी दिवे लागले की कळतं, माणसं किती राहिली."

वरच्या खोल्यांचा उल्लेख झाला तेव्हा गोपीनाथरावांनी डोळे मिटून घेतले. सुरुची हिंदीत सांगायची थांबली होती. कुणी तक्रार केली नाही. मागच्या आठवड्यातल्या तमिळ बाई एकही शब्द कळत नसताना मान हलवत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर चष्मेवाला सरळ गोपीनाथरावांकडे आला.

"विकायचं नाही," ते आधीच म्हणाले, मग हिंदीत म्हणाले.

त्याला काही विकत घ्यायचं नव्हतं. त्याच्या आईला जिने उतरवत नाहीत, तिला ऐकवायला तो रेकॉर्ड करायचा. आई नेपाळी, पण म्हणे भाषा कुठलीही चालते, माणसं बोलताना ऐकू आली की तिला बरं वाटतं. गोपीनाथरावांनी लगेच आई कुठल्या गल्लीत असते, कितव्या मजल्यावर, घरात आणखी कोण, खोल्या किती, घर कुणाच्या नावावर, एवढं सगळं त्याच्याकडून काढून घेतलं. कुठल्याही दलालाने इतक्या सफाईने काम केलं नसतं.

परतताना ते दोघं पुढे चालले होते, मी मागे होतो.

"ते नेनुआचं तू मला कधी सांगितलं नाहीस," गोपीनाथराव म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही फक्त चौकशी करता."

गल्लीतून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, त्याच्याकडेसुद्धा त्यांनी वळून पाहिलं नाही.

"मग पाचव्या घरात कोण होतं?" त्यांनी विचारलं.

काकू जागीच थांबल्या. नवऱ्याला त्यांनी आपादमस्तक न्याहाळलं, पार्सल उघडायच्या आधी बघावं तसं.

"कशाला हवंय?"

"सहज."

काकूंचा विश्वास बसला नाही. तरी त्या सांगायला लागल्या, आणि आमची वळायची गल्ली कधीच मागे पडली.