ऑर्विलच्या हक्काची टाळी

आवडता नट रंगमंचावर दिसला रे दिसला की ब्रॉडवेचे प्रेक्षक टाळ्या पिटतात. बिचाऱ्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं. त्याने आपलं पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि टाळ्या ओसरल्या की वाक्य टाकायचं. ऑर्विल हॅस्किन्सला ही टाळी उभ्या जन्मात मिळाली नव्हती आणि मरायच्या आधी एकदा तरी ती हवी होती. बक्षिसं मिळत, समीक्षक डोक्यावर घेत. पण रस्त्यात लोक त्याला आपला दातांचा डॉक्टर समजून हात करत.

"मी भूमिकेत इतका विरघळतो की शिल्लकच राहत नाही," तो सांगायचा. "मध्यंतरात आई म्हणाली, बाळा, तुझं काम कधी आहे?"

उतारवयात एका मालिकेत तो खाष्ट न्यायाधीश झाला आणि घराघरांत पोचला. मग पुन्हा नाटक. पहिल्या प्रयोगाला दारातून ऐटीत आला, टोपीला हात लावला आणि थांबला. सगळं चिडीचूप. कुणीतरी खोकलं. ऑर्विल थांबलेलाच. नाटकात त्याची बायको झालेल्या अर्लीनला वाटलं, म्हातारा वाक्य विसरला.

"काय हो, आपला मुलगा तुरुंगात आहे, हेच सांगायला आलात ना?" तिने सावरून घेतलं.

प्रयोग संपल्यावर तिने गाठलंच. "विसरलास ना रे?"

"विसरतोय कसला. टाळीची वाट बघत होतो."

"अरे, मालिकेत तुला हातभर दाढी होती. ओळखणार कोण तुला?"

ऑर्विल ओशाळला. "उद्यापासून दाराबाहेरूनच बोलत येतो."

दुसऱ्या दिवशी पेपरात परीक्षणासोबत त्याचे दोन फोटो आले, दाढीसकट आणि दाढीविना. पण परीक्षण वाचायचं नाही, ही बऱ्याच नटांची शपथ, ऑर्विलचीही होती. वाचलं फक्त प्रेक्षकांनी.

संध्याकाळी तो "मुलगा तुरुंगात आहे" असं ओरडतच आत शिरला आणि थिएटर टाळ्यांनी दणाणलं. पण बाप काहीतरी गंभीर बोलतोय म्हटल्यावर लोकांनीच एकमेकांना गप्प केलं. टाळी अर्ध्यात विरली. ऑर्विलचा चेहरा असा पडला की अर्लीनला दया आली.

"चिखलाचे पाय घेऊन कुठे येताय?" ती कडाडली. "बाहेर जा, पुसून या."

ऑर्विल टुणकन बाहेर गेला, परत आला, टोपीला हात लावून थांबला.

सगळं थिएटर एकाग्रतेने त्याचे बूट बघत होतं.