रेडकाची आई पडद्यावर आली नाही

मी खरं सांगितलं तर कुणी मानलं नाही. एकदा नाही, दहादा सांगितलं. मास्तरांना सांगितलं, मालकांना सांगितलं, नळावर सांगितलं, देवळात सांगितलं. खोटं बोलले असते तर एका दिवसात सगळ्या कोल्हापूरला पटलं असतं!

तसे आमच्या रंगाच्या खोलीतले किस्से खंडीभर. बायका एका जागी बसून हातानं काम करायला लागल्या की तोंड मोकळं राहतं, आणि माळ्यावर बोचकी साठावीत तसे किस्से साठत जातात. एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात. पडू देत.

कोल्हापुरात सिनेमे होतात हे सगळ्यांना ठाऊक. पण आमच्या स्टुडिओच्या मागं, सुताराच्या शेडला लागून एक पत्र्याची खोली होती आणि तिथं हलणाऱ्या चित्रांचा सिनेमा झाला, हे कुणाला ठाऊक नाही. अकरा मिनिटांचा. ‘रेडकू’ नाव. म्हैस बाजारात विकली जाते आणि तिचं रेडकू तिला हुडकत निघतं, एवढीच गोष्ट. साहेबाच्या देशातली कार्टून बघून पोट धरून हसणाऱ्यांनी एकदा हा बघायला पाहिजे होता. हसू कुठल्या कुठं गेलं असतं.

* * *

काढणारे यशवंतमास्तर. आधी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. ते कागदावर पेन्सिलीनं चित्र काढायचे, ते आम्ही काचेसारख्या आरपार शीटवर शाईनं गिरवायचो आणि मागच्या बाजूनं रंग भरायचो. आम्ही म्हणजे मी, पारू, आणि हौसा. मी चौथी पास, हौसा शाळेच्या दारातसुद्धा गेलेली नाही; पण तिच्या ब्रशची रेघ माझ्यापेक्षा सरळ. खोटं कशाला बोलू!

सिनेमा काळा-पांढरा. म्हणून रंगाचे आठ डबे आणि आठही राखाडी! मास्तरांनी त्यांवर नंबर घातले. हौसाला नंबर वाचता येईनात. तिनं सरळ नावं ठेवली. एक नंबर ताक. तीन नंबर चुलीची राख. पाच नंबर करपली भाकरी. सगळ्यात कुंद, मळकट असा सात नंबर, त्याचं नाव सासूचं तोंड.

महिन्याभरात मास्तरसुद्धा नंबर विसरले. एक दिवस मालक पाहुण्यांना खोली दाखवायला घेऊन आले. मास्तर कामात गढलेले, मान वर न करता ओरडले, “बाई, म्हशीच्या पाठीला सासूचं तोंड लावा!”

पाहुण्यांत मालकांच्या बायको होत्या. आणि त्यांच्या सासूबाईही होत्या!

* * *

मास्तरांची म्हैस पहिल्यांदा चालली तेव्हा हौसा बघून म्हणाली, “मास्तर, शिंगं म्हशीची हायत, पर चालतंय घोडं.”

मास्तरांना राग आला नाही. दुसऱ्या दिवशी ते गवळ्याला म्हशीसकट स्टुडिओत घेऊन आले. पुढच्या फ्लोअरवर पौराणिक सिनेमाचं शूटिंग चाललेलं. देव भक्ताला वर देणार, सगळे श्वास धरून उभे, आणि आमच्या म्हशीनं असा हंबरडा फोडला की देवाच्या हातातलं कमळ पडलं. तिकडचा माणूस धावत आला. “सायलेन्स म्हटलं होतं ना!”

गवळी शांतपणे म्हणाला, “पावणं, तुमच्या देवाला कळतंय, म्हशीला कळत न्हाय.”

पण खरी गोष्ट पुढची. मास्तरांना म्हशीची मान वळताना बघायची होती. म्हैस ढिम्म. गवळी म्हणाला, “अशी न्हाय वळवायची ती. रेडकू आणायला पायजे.” सांजच्याला त्यानं रेडकू आणलं. ते अजून दारात होतं, तोवर म्हशीनं मान वळवली. सगळं अंग तसंच, नुसती मान. आणि जीभ काढून त्याचं डोकं चाटायला लागली. मास्तर कागदामागून कागद ओढत सुटले.

मी बघितलं तर हौसा खोलीत नव्हती. बाहेर पाण्याच्या हौदापाशी पाठ करून बसली होती.

* * *

हौसाचं सांगायला पाहिजे. शिरोळला दिलेली. नवरा गेला, तेव्हा लेक चंपा दोन वर्षांची. सासरच्यांनी लेक ठेवून घेतली आणि हिला बाहेर काढलं. “पोरगी आमच्या घरची, तू तुझं बघ.” वर्षातनं एकदा, जत्रेला, लांबून बघू द्यायचे. पोरीला सांगितलेलं की तुझी आई तुला टाकून गेली.

म्हणून मास्तरांनी तिला शब्द दिला होता. सिनेमा झाला की शिरोळला गुळाच्या गोदामात पडदा लावायचा. चंपाला पुढच्या रांगेत बसवायचं. “तुझी लेक बघेल, हौसाबाई. आई टाकून जात नसते, हे तिला बोलून दाखवायला नको.”

तेव्हापासून हौसा रेडकाच्या आईला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. शेवटचा सीन तोच. बाजारात म्हशींच्या रांगेत रेडकू येऊन थांबतं, आणि एक मान वळते. चार कोडी आणि वर सोळा शीटं. सगळी तिनं रंगवली. मी म्हटलं, “अगं, एखादं मला दे की!”

“आक्का, तू रेडकू घे. आई माझी.”

* * *

आता आमची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शीटं मिळायची फार मारामारीनं. म्हणून कॅमेऱ्यानं फोटो घेतला की शीट कोमट पाण्यात धुवायचं, मऊ धडप्यानं पुसायचं आणि त्यावरच नवीन चित्र काढायचं. जे कष्टानं रंगवलं ते आठ दिवसांनी आपल्याच हातानं धुवायचं! पेन्सिलीचे कागदसुद्धा मास्तर खोडून परत वापरायचे. मागं काही राहायचंच नाही. राहायचं ते कॅमेऱ्याच्या डब्यात.

कुठला गठ्ठा घेतलाय आणि कुठला नाही हे कळायला चिठ्ठ्या लावून उपयोग नव्हता, हौसाला वाचता येत नव्हतं. म्हणून कॅमेरावाल्या दत्तोबानं युक्ती काढली. गठ्ठ्यावरच्या कागदाला हळद म्हणजे अजून घ्यायचाय. कुंकू म्हणजे घेऊन झाला, धुवा. वर्षभर एक गठ्ठा चुकला नाही.

मग खंडेनवमी आली.

* * *

खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा. कॅमेरा, लाइट, सुताराचा रंधा, आमचे ब्रश, डबे. मास्तरांच्या बायकोनं, काकींनी, तबक माझ्या हातात दिलं. “रंगाच्या खोलीत सवाशीण तू एकटी. तूच लाव.” हौसा हौदापाशी जाऊन बसली. तिला कुणी सांगितलं नाही. सांगावं लागत नव्हतं.

मी ब्रशना लावलं, डब्यांना लावलं. कोपऱ्यात शेवटच्या सीनचा गठ्ठा होता. आमच्या खोलीतलं सगळ्यात देखणं काम. त्याला कसं वगळायचं? हळद होतीच. मी अंगठ्यानं वर ठसठशीत कुंकू लावलं आणि नमस्कार केला.

नमस्कार केला मी!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर आले तर हौसा माझ्या आधी येऊन बसलेली. पदर खोचलेला, पुढ्यात घंगाळ, पाणी राखाडी झालेलं. काहीतरी गुणगुणत होती. वर्षात पहिल्यांदा मी तिला गुणगुणताना ऐकलं.

“आक्का, सीन झाला बघ! दत्तोबानं सुट्टीत येऊन घेतला वाटतं. कुंकू होतं की!” तिच्या हातात शेवटचं शीट होतं. त्यावर अर्धी मान उरली होती. तिनं त्यावरनं हलकेच हात फिरवला, जसा पोरीच्या केसांवरनं फिरवावा. मान गेली.

“भेटली बघ आई रेडकाला,” ती म्हणाली.



* * *

मालकांसमोर सगळे उभे केले. मी पुढं होऊन सांगितलं, “कुंकू मी लावलं. पुजेत लावलं. चूक माझी.”

मालक हसले. “मैत्रिणीला वाचवायला बघता व्हय, बाई?”

मी दत्तोबाकडं बघितलं. तो म्हणाला, “मी न्हाय लावलं एवढं खरं. कुणी लावलं ते मला ठावं न्हाय.”

काकी म्हणाल्या, “सवाशिणीच्या हातच्या कुंकवानं कधी वाईट झालंय काय? पांढऱ्या कपाळाचा हात लागला, मग आणि काय व्हायचं!”

मी म्हटलं, “काकी, तबक तुम्हीच दिलं होतं माझ्या हातात!”

“व्हय. तुझ्या दिलं. तिच्या न्हाय.”

मास्तर खाली फरशीकडं बघत राहिले. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला कुंकू लावताना बघितलं होतं, “छान, त्यालाही लावा,” असं म्हणालेही होते! त्या दिवशी त्यांचं तोंड उघडलं नाही. हे मी मास्तरांना अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

हौसाला त्याच दिवशी काढलं. जाताना ती एवढंच म्हणाली, “आक्का, धुतलं तर मीच की.” आणि जयसिंगपूरला गेली, शेंगा फोडायच्या कामाला.

कॅमेरा पौराणिक सिनेमाला गेला. मास्तरांनी मान परत काढायला घेतली. चार वेळा काढली. म्हैस वळायची, पण आई वळत नव्हती. मालक म्हणाले, “राहू दे मान. आहे तेवढं दाखवा.”

* * *

शिरोळचा खेळ झाला. खिडक्यांना पोती लावलेली, भर दुपारी अंधार, सगळीकडं गुळाचा वास. हौसाला सासरच्यांनी गावात पाऊल टाकू दिलं नाही. मीच गेले. चंपाच्या शेजारी बसले. सात वर्षांची झालेली, नाक अगदी हौसाचं.

पडद्यावर रेडकू चिखलातनं चाललं, गाडीखाली जाता जाता वाचलं. सगळं गोदाम हाय हाय करत होतं. माणसं बिड्या विझवून बघत होती. मग रेडकू बाजारात आलं. म्हशींच्या पाठी नुसत्या. ते थांबलं. आणि पडदा पांढरा झाला.

“पुढं?” चंपानं विचारलं.

“पुढं आई मान वळवते.”

“कुठाय?”

“हाय, बाळ. दिसत न्हाय एवढंच.”

पोरीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मोठी माणसं खोटारड्याकडं बघतात. “न्हाय. तिनं टाकलंय त्याला,” म्हणाली आणि उठून गेली.

पुढं तो डबासुद्धा कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही.

* * *

त्यानंतर दोन वर्षांनी आमचे हे गेले. विषमज्वराचं निमित्त, नऊ दिवसांत खेळ आटोपला.

तेराव्याला बायका जमल्या. काकी आल्या. दत्तोबाची बायको आली. हौसा जयसिंगपूरहून एस.टी.नं आली आणि चपला हातात घेऊन दारातच बसली. मी भिंतीला टेकून, डोक्यावरनं पदर. चहा झाला. बायका हळूहळू बोलायला लागल्या.

दत्तोबाची बायको म्हणाली, “नको तिथं कुंकू लावलं की कुंकू राहत न्हाय म्हणतात.”

“लावलं होतं की,” काकी म्हणाल्या. “त्या म्हशीच्या सिनेमाला. अख्खं काम गेलं तेव्हा.”

हौसा दारातनं ओरडली, “ए बायांनो, धुतलं मी! माझं नाव घ्या की! तवा घेतलं न्हाय व्हय?”

कुणी तिच्याकडं मान वळवली नाही.

“कुणी लावलंतं वं ते?” कुणीतरी विचारलं.

काकींनी माझ्या कपाळाकडं बघितलं. सावकाश, नीट बघितलं. मग म्हणाल्या,

“पारूनं.”