जावयाच्या डिक्कीतला डब्बा

कुरुंद्यात भागवत सुताराच्या दुकानाला लागून माझी पिठाची गिरणी आहे. मधली भिंत एकच. त्याचा रंधा चालला की माझ्या पिठात भुसा आणि माझी गिरणी चालली की त्याच्या फळ्यांवर पीठ, असा आमचा जुना भांडणाचा शेजार. माणूस हाताचा सोन्यासारखा, पण डोक्यानं एकमार्गी. चौकट असो, देव्हारा असो, माझ्या गिरणीचं पिठाचं खोकं असो, काम त्याच्याच रीतीनं होणार. तुम्ही फक्त चहा पाजायचा आणि गप्प बसायचं.

यंदा अधिक महिना आला. जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं, काहीतरी वाण द्यायचं. लोक अंगठी देतात, चांदीचं ताट देतात. भागवतचा जावई सोमेश्वर कळमनुरीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं नुकतीच जुनी गाडी घेतली होती. फोनवर तो सहज म्हणाला, "मामा, गाडीत वूफर बसवायचाय. डिक्कीच्या कोपऱ्यात बसंल असा डब्बा करून देता का?" वूफर म्हणजे गाण्यातल्या बेसचे ठोके वाजवणारा मोठा स्पीकर. जावयाचं सहज बोलणं सासऱ्याला कधी सहज ऐकू येतं का? भागवतनं मला अर्ध्या दळणात हाक मारून सांगितलं, "रामकिशनभाऊ, यंदा धोंड्याला डब्बा!"

सोमेश्वर गाडी ठेवून गेला. भागवतनं मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस हिंदीत बोलायचा आणि भागवत त्याला मराठीत उत्तर द्यायचा. "व्हय व्हय, कळलं, म्होरं सांग." डिक्कीला आतून चिकटपट्टी आणि प्लास्टिक लावलं, म्हणजे रेझिन, ते वाळून कडक होणारं चिकट रसायन, गाडीला धरू नये. त्यावर फायबरची, म्हणजे काचेच्या धाग्यांची, मॅट अंथरून रेझिननं भिजवली. ते वाळलं की कोपऱ्याचा हुबेहूब साचा निघाला. पुढच्या बाजूला प्लायवूडची गोल कडी उभी केली, तिच्यात वूफर बसणार. कडीपासून साच्यापर्यंत कापड ताणायचं होतं. कापड कुठलं? भागवतच्या बायकोनं, मनकर्णावहिनींनी, पुढच्या लग्नात आहेर करायला जपून ठेवलेलं मऊ ब्लँकेट त्या दिवशी घरातून गेलं. त्यावरून जे झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ऊन असं, की रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर टाकून भागवत तंबाखू मळेपर्यंत डबड्यात दगड व्हायचा. पुढं घासायला घेतलं तशी फायबरची धूळ अंगाला लागली आणि गडी खाजवायला लागला. त्याला वाटलं घामोळं. वहिनींनी अंगभर हळद लावली. आमच्या भागात हळदीला काय तोटा? पिवळाधमक सुतार ओट्यावर बसून डब्बा घासतोय हे बघायला माझ्या गिरणीवर गिऱ्हाईक वाढलं. कुणी विचारलं, "भागवतराव, नवरीकडचे कवा येऊन राहिले?" भागवत मान वर न करता घासत राहिला.

पण डब्बा झाला देखणा. काळा कुळकुळीत, डिक्कीच्या कोपऱ्यात असा बसला की वाटावं, कंपनीनंच दिलाय. मी त्याची स्तुती फारशी करत नाही, तरी त्या दिवशी केली.

धोंड्याच्या दिवशी सोमेश्वर आणि भागवतची लेक पुनम एसटीनं आले. आधी डब्बा, मग जेवण, असं भागवतनंच ठरवलं. सोमेश्वरनं वूफर कडीत बसवून स्क्रू आवळले, वायरी जोडल्या. गल्ली गोळा झाली. गाणं लागलं. पहिला ठोका छातीत बसला. भागवतनं माझ्याकडं पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसला. दुसरा ठोका आला आणि त्याच्या पाठोपाठ, "खडखड."

गाणं बंद, खडखड बंद. गाणं सुरू, खडखड सुरू. गल्लीतला प्रत्येकजण इंजिनिअर झाला. नंबरप्लेट आवळली. जॅक आणि पाना बाहेर काढला. सटवाजी न्हाव्यानं तर छातीठोकपणे सांगितलं की आवाज रामकिशनच्या गिरणीचा आहे. गिरणी सकाळपासून बंद होती, हे मी ओरडून सांगितलं, तरी दोघं आत डोकावून आले.

शेवटी सोमेश्वर अदबीनं म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा. नांदेडात तयार डबे भेटतात. हा घरी ठिवा, धान्यालाबिन्याला व्हईल."

त्या पोरानं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण धान्याला! भागवतचं तोंड एवढंसं झालं. वहिनी पानं वाढून हाका मारत होत्या, तो उठला नाही. मला त्याच्याशी भांडायची सवय, पण त्याला असं बसलेलं पाहवेना.

पुनम आतून आली. "लावा बरं परत," म्हणाली आणि डब्ब्यावर हात ठेवून उभी राहिली. लहानपण तिचं बापाच्या भुशातच गेलेलं. थोडं ऐकलं आणि तिनं विचारलं, "अप्पा, आत हळकुंड टाकलं काय?"

"टाकलं न्हाई," भागवत खाली बघत म्हणाला. "बांधलं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घराला शुभ म्हणून लोक फक्त चौकटीला हळकुंडाची पुरचुंडी बांधतात. हा बाबा जे करील त्याला बांधतो. माझ्या पिठाच्या खोक्याच्या मागंही त्याची पुरचुंडी लटकते आहे! सोमेश्वरनं वूफर खोलून आत हात घातला आणि लाल फडकं बाहेर काढलं. हळकुंड, सुपारी, नाणं. पहिल्याच ठोक्याला दोरा तुटला होता. चौकट काही नाचत नाही, म्हणून आजवर कधी पंचाईत आली नव्हती.

गल्ली पोट धरून हसली. मीही हसलो. म्हटलं, "भागवत, बेसची वास्तुशांती केली काय?"

"हासा," तो म्हणाला. "पुनमच्या घराला समद्या चौकटी लोखंडी. वेल्डिंगवाल्यानं ठोकल्या. लेकीच्या घराला माह्या हातची येक चौकट न्हाई. कुठं बांधावं मी? म्हणलं, गाडीत बसतं माहं लेकरू, हितं तरी बांधावं."

पुनम पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. माझी मलाच लाज वाटली.

सोमेश्वरनं फडक्याची गाठ पुन्हा नीट बांधली. "मामा, रेझिन उरलं का थोडं?"

उरलं होतं. जावयानं पुरचुंडी आतल्या बाजूला धरली, सासऱ्यानं तिच्यावर मॅटचा तुकडा ठेवून रेझिन चोपडलं. त्या उन्हात ते वाळायला जेवणाएवढाही वेळ लागला नाही. भागवतनं पुरणाचे धोंडे असे हाणले की वहिनींना परत पुरण घालावं लागलं. मग गाणं लावलं. खडखड नाही. माझ्या गिरणीचे पत्रे तेवढे वाजले, पण ते मी कुणाला बोललो नाही.

दोघं निघाले तेव्हा भागवत गाडीच्या खिडकीत वाकला. "जावईबापू, आवाज बारीक ठिवा. कानाला तकलीफ व्हती. माहं लेकरू बसलंय."

मनकर्णावहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आवो, मंग येवढा डब्बा केला तरी काहून?"

"मंग?" भागवत म्हणाला. "हळकुंड बांधायला जागा नको?"